ट्रॉलीला रंग नंतर, आधी पाणी

मे सरत आला की तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर जलक्रीडेच्या बोटी वर ओढायला सुरुवात होते. पुढे ट्रॅक्टर, मागे ट्रॉली, ट्रॉलीवर बोट. माडाखाली पोचल्यावर बोटीवर ताडपत्री येते. इंजिन उतरवून पडवीत जातं, त्याचं तेलपाणी होतं. ट्रॉली तेवढी राहते उघड्यावर, वाळू आणि शेवाळ अंगावर घेऊन. तिची आठवण येते ती थेट नारळी पौर्णिमेनंतर. मग लालभडक झालेल्या लोखंडावर रेड ऑक्साइडचा एक हात, त्यावर निळ्या ऑइल पेंटचा दुसरा, आणि ट्रॉली पुन्हा पाण्यात.

मीही चार वर्षं असंच केलं. पाचव्या हंगामात, भरल्या बोटीसह पाण्याबाहेर येताना ट्रॉलीचा पुढचा दांडा हुकापासून दीड हातावर मुडपला. जागेवर नीट पाहिलं तर चौकोनी पाइपवरचा रंग चकचकीत होता. हातोडीने दोनदा ठोकलं, तसा आतून ओंजळभर लाल भुगा आणि पापुद्रे वाळूवर पडले. बाहेर रंग शाबूत, आत लोखंडच नाही. बोट वाचली, माणसं वाचली, पण वर्षानुवर्षं मी कुठे चुकत होतो ते त्या भुग्याने सांगितलं. गंजाचं काम रंगाच्या डब्यापासून सुरू होत नाही. ते पाण्याच्या पाइपपासून सुरू होतं.

मीठ नेमकं काय करतं

लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते. तरीही पवना किंवा पानशेतच्या गोड्या पाण्यात उतरणारी ट्रॉली आणि समुद्रात उतरणारी ट्रॉली यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. या क्षारांमुळे पाण्यातून वीज सहज वाहते, आणि गंजणं ही मुळात विजेचीच क्रिया असल्याने तिचा वेग वाढतो.

पण खरी मेख पुढे आहे. पाणी सुकतं, मीठ मागे राहतं, आणि ते हवेतली वाफ ओढून घेतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. किनारपट्टीची हवा इतकी कोरडी क्वचितच असते. म्हणजे दुपारच्या उन्हात ठणठणीत दिसणारी ट्रॉली मिठाच्या थराखाली ओलीच असते. पावसाळ्याआधी आपण बरणीतल्या मिठाची जी काळजी घेतो, तीच इथे लागू आहे. मीठ पाझरणारच.

मिठावर मारलेला रंगही टिकत नाही. मीठ रंगाच्या थरातून ओल आत खेचतं, रंगाला फोड येतात, फोडाखाली गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे तो रंगाला आतून उचलतो. ‘रंग हलका निघाला’ म्हणून आपण दुकानदाराला बोल लावतो, तेव्हा पुष्कळदा दोष रंगाखाली राहिलेल्या मिठाचा असतो.

पाण्याबाहेर आल्यावरची दहा मिनिटं

ट्रॉली ज्या दिवशी समुद्रात जाईल त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतली गेली पाहिजे. ‘उद्या सकाळी धुऊ’ म्हणालात की मिठाला अख्खी रात्र मिळाली.

आधी पाणी कोणतं ते बघा. किनाऱ्यालगतच्या पुष्कळ विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ पातळ करून पुन्हा लावणं. चव घेऊन बघा, साबण लावून बघा. साबणाला फेस येत नसेल तर शेवटचा हात तरी नळाच्या किंवा आतल्या भागातल्या विहिरीच्या पाण्याचा द्या.

धुण्याचा क्रम असा ठेवा:

१. सगळ्यात आधी वाळू झाडा. कोपऱ्यात, बोट टेकते त्या फळ्यांखाली आणि चाकाच्या डिस्कच्या आतल्या बाजूला साचलेली वाळू ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवते. साधा नारळाच्या काथ्याचा ब्रश पुरतो.

२. वरून खाली पाणी सोडा. जोरापेक्षा मात्रा महत्त्वाची. मीठ विरघळून वाहून जायला हवं. प्रेशर वॉशर असेल तर त्याची धार हबच्या सीलवर थेट मारू नका, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये शिरेल.

३. पोकळ पाइपच्या एका तोंडात नळी घाला आणि दुसरीकडून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडून ठेवा. माझी चूक इथेच होती. बाहेरून मी अधूनमधून धुतही होतो, आतून एकदाही नाही.

४. कमानीचे पाटे, यू-बोल्ट, एक्सलचा खालचा भाग, विंचचा ड्रम, दिव्यांच्या वायरचे जोड यांवर पाणी रेंगाळू द्या. पाट्यांच्या मधल्या फटीत मीठ सर्वांत जास्त अडकतं.

५. शेवटी ट्रॉली उतारावर उभी करा, म्हणजे आतलं पाणी एका बाजूने निथळेल. चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावायला विसरू नका.

पोकळ पाइप: धड बंद किंवा धड उघडा

आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे अँगल, चॅनल किंवा चौकोनी पाइप वापरून बनतात. अँगल आणि चॅनल उघडे असतात, त्यामुळे त्यांचा गंज दिसतो आणि ब्रशही पोचतो. चौकोनी पाइप दिसायला सुबक आणि वजनाला हलका, पण त्याचा आतला भाग कुणी पाहिलेला नसतो.

पाइप चारही बाजूंनी पूर्ण वेल्ड करून हवाबंद केला असेल तर आतली थोडीशी हवा आणि ओल संपली की गंज थांबतो. तसा पाइप उगाच भोकं पाडून उघडू नका. दोन्ही टोकं मोकळी असतील तर धुता येतं, सुकतं. सर्वांत वाईट अवस्था मधली: टोकाला प्लॅस्टिकची टोपी, मध्ये बोल्टचं एक भोक, कुठे वेल्डिंगचा टाका सुटलेला. पाणी आत जातं आणि बाहेर येत नाही.

तुमचा पाइप असा अर्धवट बंद असेल तर ट्रॉली नेहमी ज्या उतारावर उभी असते त्यानुसार सर्वांत खालच्या टोकाजवळ, खालच्या बाजूला, १० ते १२ मिलिमीटरचं भोक पाडा. ते वेल्डिंगच्या सांध्यापासून आणि पाइपच्या मध्यभागापासून लांब ठेवा, कारण भार तिथे जास्त येतो. भोकाच्या कडा घासून जस्तयुक्त रंग लावा, नाहीतर गंजाची सुरुवात त्या भोकापासूनच होईल. नंतर आत लांब नळीने मेणाचं कोटिंग फवारा. गाड्यांच्या दारांच्या आणि तळाच्या पोकळीत मारतात तेच. पाइप आतून पूर्ण सुकल्याशिवाय मात्र मारू नका.

हातोडी, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च

महिन्यातून एकदा या तीन वस्तू घेऊन ट्रॉलीखाली जा. ट्रॉली जॅकवर घेतली तर खाली पक्के स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर अंग आत घालू नका.

लहान हातोडीने पाइप ठोकत जा. चांगलं लोखंड टणटणतं, पोखरलेलं थपथपतं. जिथे आवाज बदलेल तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. दांड्याचा हुकाजवळचा भाग, एक्सल जिथे फ्रेमला धरला आहे ती जागा, पाट्यांची टोकं, आडव्या पट्ट्यांचे वेल्डिंगचे सांधे आणि पाण्याची रेषा जिथे वारंवार येते तो मागचा भाग या पाच जागा चुकवू नका.

जे दिसेल त्याची चार प्रकारांत विभागणी करा. बोटाला लाल पावडर लागते तो वरवरचा गंज, तो तुम्ही स्वतः काढू शकता. पापुद्रे निघतात तिथे पापुद्रे काढून उरलेली जाडी मोजा. खड्डे पडले असतील तर भार घेणाऱ्या भागाबद्दल जाणकार वेल्डरला विचारा. आणि स्क्रूड्रायव्हर आरपार गेला तर तिथे रंगाचा विषयच संपला.

जस्ताचा मुलामा दिलेल्या ट्रॉलीवर पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका. तो जस्ताचा गंज. जस्त आपला जीव देऊन लोखंड वाचवतं आहे एवढाच त्याचा अर्थ. भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढा, धुवा, वारा लागू द्या. पांढऱ्यात तांबूस छटा आली की समजा, जस्त संपत आलं.

वरवरचा गंज काढून रंगवणं

काम या क्रमानेच करा, कारण एक पायरी चुकली की पुढची वाया जाते.

*धुणं आणि तेल काढणं.* आधी गोडं पाणी आणि साबण, मग थिनरच्या फडक्याने ग्रीस. तेलकट लोखंड घासलं तर ब्रश ते तेल सगळीकडे पसरवतो.

*घासणं.* पापुद्रे पातळ छिन्नीने, मग ग्राइंडरला वायरचा कपब्रश किंवा फ्लॅप डिस्क. नुसता कपब्रश कधीकधी गंज काढण्याऐवजी त्याला चकाकी आणतो, म्हणून शेवटी जाड पॉलिश पेपरने खरबरीत करा. डोळ्यांवर गॉगल हवाच. कपब्रशची तार सुटली तर सुईसारखी उडते. पूर्ण ट्रॉली उघडी करायची असेल आणि खिशाला झेपत असेल तर सँडब्लास्टिंगइतकं स्वच्छ दुसरं काही होत नाही.

*पुन्हा धुणं.* ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. गंजाच्या खड्ड्यांत मीठ दडलेलं असतं आणि ते घासल्यावर उघडं पडतं. गोड्या पाण्याने परत धुवा, लगेच फडक्याने पुसा, उन्हात किंवा हवेच्या झोताने सुकवा. तासाभरात अंगावर हलकी पिवळट झाक आली तर पुन्हा एक हात घासून घ्या. धुतल्यावर काही मिनिटांतच ठिपक्यांनी नारिंगी डाग उमटत असतील तर मीठ अजून आहे, परत धुवा.

*प्राइमर.* स्वच्छ चकचकीत लोखंड मिळालं असेल तर दोन भागांचा जस्तयुक्त इपॉक्सी प्राइमर उत्तम. त्यातलं जस्त लोखंडाला थेट चिकटलं तरच ते लोखंडाच्या आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. म्हणून त्याच्याखाली गंजरोधक रसायन, जुना रंग किंवा उरलेला गंज चालत नाही. हाताने घासून थोडा गंज राहिलाच, तर जस्ताचा हट्ट सोडा. अशा पृष्ठभागासाठी बनवलेला इपॉक्सी मिळतो, तो वापरा. फॉस्फोरिक ॲसिडचं ‘रस्ट कन्व्हर्टर’ लहान खड्ड्यांसाठी ठीक. ते लावल्यावर गंज काळा पडतो. हातमोजे घाला आणि जादा ॲसिड डब्यावर सांगितल्याप्रमाणे धुऊन टाका.

रेड ऑक्साइडविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्यातलं लाल रंगद्रव्य म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजाचाच भाऊबंद. ते लोखंडावर पडदा धरतं, जस्तासारखं स्वतः झिजून लोखंडाला वाचवत नाही. खिडकीच्या ग्रिलला तो पुरेल, रोज समुद्रात बुडणाऱ्या ट्रॉलीला एकटा पुरत नाही.

*कडा आधी.* रंग धारदार कडांवरून मागे सरकतो आणि तिथे पातळ राहतो. गंज नेहमी कडा, वेल्डिंग आणि बोल्टच्या डोक्यापासून सुरू होतो तो त्यामुळेच. या जागांवर आधी ब्रशने एक हात द्या, मग संपूर्ण ट्रॉलीवर.

*वरचा थर.* इपॉक्सी उन्हात भुकटी सोडतो, म्हणून वर पॉलियुरेथेनचा थर द्या. आणि जस्तावर, मग ते मुलाम्याचं असो की प्राइमरमधलं, साधा ऑइल पेंट थेट मारू नका. ऑइल पेंटमधल्या तेलाची जस्ताशी क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि काही महिन्यांनी रंग पापडासारखा सोलून निघतो.

वेळेचंही गणित आहे. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर रंगकाम करू नये, आणि दव ज्या तापमानाला पडतं त्यापेक्षा लोखंड किमान ३ अंश गरम असावं. सोप्या भाषेत, जून ते सप्टेंबर रंगाचा डबा उघडू नका. ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी दव उडून लोखंड हाताला कोमट लागल्यावर सुरुवात करा आणि चारच्या आत आटपा. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवू नका. एका दिवसात जेवढ्याला प्राइमर लागेल तेवढंच घासा.

वेल्डिंग कुठे करायचं, कुठे नाही

पोखरलेल्या पाइपवर पत्र्याचं ठिगळ लावून वेल्डिंग करणं ही सर्वांत महागडी बचत. ठिगळाच्या कडेला उरलेलं पातळ लोखंड वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं, ठिगळाखाली ओल अडकते, आणि पुढचा मोड तिथूनच येतो. आवाज टणटणीत होईपर्यंत मागे कापत जा आणि तेवढा पाइप पूर्ण बदला. माझा दांडा मी दुरुस्त केला नाही, नवा घातला. या वेळी चौकोनी पाइपच्या जागी चॅनल.

मुलामा दिलेल्या लोखंडावर वेल्डिंग करायचं तर आधी त्या जागेवरचं जस्त ग्राइंडरने काढा, उघड्यावर काम करा, मास्क लावा. जळत्या जस्ताचा धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगच्या मशिनचा अर्थिंगचा चिमटा सांध्याच्या अगदी जवळ लावा. तो लांब लावला आणि करंट चाकाच्या बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होतं. कमानीच्या पाट्यांना वेल्डिंग कधीच करू नका, आणि गंज काढायला त्यांना ॲसिडमध्येही बुडवू नका. अशा कडक पोलादाला दोन्हींमुळे तडे जाऊ शकतात. पाटा तुटला की बदलायचा. लहान नट, वायसर, साखळीच्या कड्या यांना मात्र किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवलं की गंज सुटतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढून सुकवा आणि लगेच तेल लावा.

गरम हब, गार पाणी

पुण्याहून बोट ओढत घाट उतरून आलात आणि थेट धक्क्यावरून ट्रॉली पाण्यात घातलीत, तर हब तापलेला असतो. गार पाण्यात आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने खारं पाणी आत ओढून घेते. चहा घ्या, बोटीची साखळी तपासा, हाताला हब गार लागला की मगच पाण्यात उतरवा. ग्रीस समुद्री वापराचंच भरा आणि स्प्रिंगच्या दाबाची टोपी मिळत असेल तर बसवा. ती आतल्या ग्रीसवर हलका दाब ठेवते, त्यामुळे पाणी आत यायला कचरतं. जुनं ग्रीस दुधाळ किंवा करडं दिसलं तर पाणी शिरलंच आहे. बेअरिंग काढून, धुऊन, सील बदलून पुन्हा भरा.

नवी ट्रॉली बनवून घेताना

पूर्ण फ्रेम बनवून, सगळी भोकं पाडून, सगळं वेल्डिंग संपवून मगच तिला गरम जस्तात बुडवायला पाठवा. ही क्रिया साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात होते. जाड लोखंडावर त्यातून साधारण ८५ मायक्रॉनचा थर मिळतो, आणि पाइपच्या आतही जस्त पोचतं. त्यासाठी पाइपला हवा-पाण्याची भोकं ठेवणं सक्तीचं आहे. बंद पाइपमधली ओल त्या तापमानाला वाफ होऊन पाइप फुटू शकतो. फॅब्रिकेशनवाल्याला हे आधीच सांगा, आणि फ्रेमची लांबी त्यांच्या टाकीत मावते का तेही विचारा.

बोल्ट विकत घेताना चकचकीत पिवळट-पांढऱ्या बोल्टांना भुलू नका. त्यांच्यावरचं विजेने चढवलेलं जस्त बहुधा ५ ते १५ मायक्रॉनच असतं. राखाडी, खडबडीत, गरम जस्तातले बोल्ट दिसायला ओबडधोबड, पण ट्रॉलीसाठी तेच. स्टेनलेसचे बोल्ट वापरायचेच असतील तर त्यांच्याखाली नायलॉनचा वायसर आणि भोकात ग्रीस हवं. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यातला कमजोर धातू झिजतो, आणि इथे झिजणार ते तुमच्या फ्रेमवरचं जस्त.

पावसाळी मुक्काम

मेअखेर ट्रॉली वर आली की तिला शेवटचं धुणं नीट करा, आतून-बाहेरून. बोट तिच्यावरच राहणार असेल तर फळ्यांवर चढवलेला गालिच्याचा जुना तुकडा काढून टाका. तो मीठ शोषून चार महिने लोखंडाला ओलं ठेवतो. चाकं ठोकळ्यांवर घ्या, गवतात किंवा चिखलात रुतू देऊ नका. दांडा थोडा खाली किंवा वर ठेवा, पण पाणी एका टोकाने निघून गेलं पाहिजे. ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. आत कोंडलेली वाफ पावसापेक्षा वाईट. माडाखाली ठेवू नका. झाप आणि पालापाचोळा साचून कुजतो ते वेगळं, आणि नारळ पडला तर बोटीचं काय होतं ते सांगायला नको.

पाट्यांना आणि नटांना जळकं ऑइल फासायची जुनी सवय सोडलेली बरी. त्यात वाळू चिकटते, रबराचे भाग फुगतात, आणि पहिल्या पावसात ते वाहून त्याच वाळूत जातं जिथे आपण पर्यटकांना बसवतो. मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग त्यापेक्षा जास्त टिकतं.

माझ्या नव्या दांड्याला आता हुकाजवळ दहा मीटरचा पाण्याचा पाइप गुंडाळलेला असतो. बोट उतरली की पोरं सांगायच्या आत तो सोडतात, चॅनलच्या खोबणीत धार धरतात आणि वाळू वाहून जाताना बघत राहतात. निळ्या रंगाचा अर्धा डबा पडवीत कधीचा पडून आहे. परवा उघडून पाहिला, तर वर साय धरली होती.